कानात इंजेक्शन घ्यायचं म्हणतात, बहिरी तर होणार नाही ना?

"डॉक्टर, मी सांगली जिल्ह्यातल्या एका गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. वय ४६. दोन वर्षं झाली, चक्करनं जीव नको केलाय. आधी डाव्या कानाला दडे बसतात, कानात भुंगा फिरल्यासारखा आवाज सुरू होतो आणि मग सगळी खोली गरगर फिरते. दोन-तीन तास उलट्या, नंतर दिवसभर झोप. महिन्यातून दोनदा तरी होतंच. गावात डॉक्टरांनी मणक्याचा एमआरआय करायला लावला, मणक्यात गॅप आहे म्हणाले, चार महिने मानेला पट्टा लावला. चक्करच्या गोळ्या तीन वेळा चालूच आहेत. मागे एकदा चौथीच्या वर्गात फळ्यासमोरच खाली बसले, पोरं रडायला लागली. जाऊबाई म्हणतात बाहेरचं काही असेल, मिस्टर म्हणतात तू मनावर घेतेस. शेवटी पुण्याला कानाच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी ऐकण्याची तपासणी केली, डाव्या कानानं कमी ऐकू येतंय म्हणाले. मीठ कमी करायला लावलं, बीटाहिस्टीनच्या गोळ्या सहा महिने दिल्या. फरक नाही. आता पडद्यातून कानात इंजेक्शन द्यायचं म्हणतात. आमच्या पाहुण्यांत एकाचा कान अशाच इंजेक्शननं गेला असं ऐकलंय. सासूबाईंची चक्कर तर मिरजेच्या डॉक्टरांनी नुसतं डोकं फिरवून पाच मिनिटांत घालवली. मग मलाच इंजेक्शन का? घेऊ की नको?"

ताई,

इंजेक्शन घ्या. पण टेबलावर झोपण्याआधी डॉक्टरांना एक प्रश्न विचारा: कुपीत औषध कोणतं आहे? तुमच्या पत्रात ते नाव नाही आणि तुमची सगळी भीती त्या एका नावापाशी येऊन थांबते. पडद्यातून कानात दोन प्रकारची औषधं देतात. एक स्टेरॉइड, दुसरं जेंटामायसिन. सुई तीच, पद्धत तीच, बाहेर बसलेल्या माणसाला दोन्ही "कानातलं इंजेक्शन"च. पण आत गेल्यावर दोघांची कामं अगदी निरनिराळी. पाहुण्यांची गोष्ट खरी असेल तर ती बहुतेक दुसऱ्या औषधाची असणार. तुम्ही लिहिलंय त्यावरून तुमच्यासाठी आज पहिलं योग्य आहे, असं मला वाटतं. मी तुम्हाला तपासलेलं नाही, म्हणून शेवटचा शब्द पुण्याच्या डॉक्टरांचा. पण त्यांच्यासमोर बसताना तुम्हाला काय ठाऊक असायला हवं, ते मी सविस्तर लिहिते.

तुमच्या पत्रातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटली. तुम्ही क्रम लिहिलात. आधी कान जड होतो, मग आवाज, मग खोली फिरते. बहुतेक पेशंट नुसतं "चक्कर येते" म्हणतात आणि मराठीत त्या एका शब्दात भोवळ, घेरी, तोल जाणं, डोळ्यांपुढे अंधारी येणं, अशक्तपणा असं सगळं मावतं. मग समोरचा डॉक्टर त्याला सोयीचं असेल ते उचलतो. बीपी लो आहे, रक्त कमी आहे, एक सलाईन लावू या, नाहीतर मान. खोली फिरणं आणि त्याआधी एकाच कानाला दडे बसणं, या दोन गोष्टी जोडीनं आल्या की मी मानेकडे बघतही नाही.

मानेचं एकदा स्पष्ट सांगते, कारण आपल्याकडे या पट्ट्यानं फार वेळ खाल्लाय. चाळिशी ओलांडलेल्या कुणाचाही मानेचा एमआरआय काढा, कुठेतरी गादी दबलेली, कुठेतरी हाड वाढलेलं दिसणारच. केस पिकावेत तसंच ते. त्या फोटोत दिसतंय म्हणून चक्कर त्याचीच, हे म्हणणं बरोबर नाही. मानेच्या मणक्यानं कानाला दडे बसत नाहीत आणि ऐकू येणंही कमी होत नाही. नवी असताना मी स्वतः एका बाईंना पट्टा बांधून घरी पाठवलं होतं. वर्षभरानं त्या परत आल्या तेव्हा त्या कानानं त्यांना फोनवरचं बोलणं कळेनासं झालं होतं. तेव्हापासून चक्करचा पेशंट ऑडिओग्रामशिवाय, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीच्या आलेखाशिवाय, मी सोडत नाही. तुमच्या बाबतीत ती तपासणी फार उशिरा झाली, पण झाली.

या आजाराला मेनिएर म्हणतात. प्रॉस्पेर मेनिएर हे पॅरिसमधल्या मूकबधिरांच्या संस्थेचे डॉक्टर होते. त्या काळी असे झटके मेंदूत रक्त साठल्यानं येतात असं मानत आणि पेशंटच्या अंगातून रक्त काढत. १८६१ मध्ये मेनिएर यांनी तिथल्या वैद्यक अकादमीपुढे सांगितलं की, दोष मेंदूचा नाही, आतल्या कानाचा आहे. पुढच्याच वर्षी ते वारले. म्हणजे कानाचं दुखणं दुसऱ्याच अवयवावर ढकलणं हे काही आपल्याकडचंच नाही. आणि बाहेरचं काही नाही, मनाचंही नाही. जाऊबाईंना आणि मिस्टरांना एवढं तरी माझ्या नावावर सांगा.

आता सासूबाई. त्यांची चक्कर आणि तुमची चक्कर एकाच घरात असल्या तरी त्यांचं एकमेकींशी नातं नाही. मला खात्री आहे, सासूबाईंना कूस बदलताना, अंथरुणातून उठताना किंवा फळीवरचा डबा काढायला मान वर केली की गरगरायचं, जेमतेम मिनिटभर, आणि ऐकण्यात काही फरक नव्हता. आतल्या कानात चुन्याचे, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचे, बारीक कण एका ठिकाणी चिकटलेले असतात. वयानं, डोक्याला मार लागल्यानं किंवा काहीही कारण नसताना ते सुटतात आणि तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नळीत जाऊन बसतात. डोकं हललं की कण घरंगळतात आणि मेंदूला वाटतं आपण फिरतोय. अमेरिकेतल्या पोर्टलंडचे डॉक्टर जॉन एप्ली यांनी डोकं ठरावीक क्रमानं फिरवून ते कण नळीबाहेर काढायची रीत बसवली. बरोबरीच्या डॉक्टरांना हे खरंच वाटेना. त्यांचा लेख १९९२ मध्ये छापून आला आणि आज जगभर तीच रीत वापरतात. सुई नाही, गोळी नाही, कापाकापी नाही. मिरजेच्या डॉक्टरांनी बहुधा तेच केलं आणि अगदी योग्य केलं. एक लक्षात असू द्या, हे कण पुन्हा सुटू शकतात. वर्षा-दोन वर्षांनी सासूबाईंना तसंच झालं तर घाबरू नका, पुन्हा मिरजेला न्या. त्यांचं ड जीवनसत्त्व तपासून घ्या. ज्यांच्यात ते कमी आहे त्यांना ते कॅल्शियमसोबत दिल्यावर ही चक्कर परत येण्याचं प्रमाण घटतं, असं कोरियातल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलंय.

तुमच्या कानात कण सुटलेले नाहीत, पाणी वाढलेलं आहे. आतल्या कानात पातळ पडद्याची एक पिशवी असते आणि तिच्यात द्रव असतो. मेनिएरमध्ये तो साठत जातो, पिशवी फुगते. १९३८ मध्ये लंडनच्या हॉलपाइक आणि केर्न्स यांनी अशा रुग्णांच्या मृत्यूनंतर त्यांच्या कानाचं हाड कापून ही फुगलेली पिशवी पाहिली. त्याच वर्षी जपानमध्ये यामाकावा यांनाही तेच दिसलं. ती का फुगते याचं पूर्ण उत्तर आजही मिळालेलं नाही. पण दडे का बसतात, खर्जातले आवाज आधी का हरवतात आणि मग तोल का जातो, हे त्या फुगण्यावरून कळतं. डोकं कितीही फिरवलं तरी फुगलेली पिशवी ओसरत नाही. म्हणून सासूबाईंचा उपाय तुम्हाला लागू नाही. यूट्यूबवर बघून घरी करू नका, उगाच उलट्या होतील.

निदान पक्कं करण्यासाठी डॉक्टर तीन गोष्टी बघतात. फिरणं २० मिनिटांपासून १२ तासांपर्यंत टिकतं का आणि असं कमीत कमी दोनदा झालंय का. त्याच कानात दडे किंवा आवाज कमी-जास्त होतो का. आणि ऑडिओग्राममध्ये खालच्या पट्टीचं ऐकणं खरोखर घटलंय का. तुमचं तिन्हींत बसतंय असं दिसतं. तरी दोन गोष्टी पुण्यात विचाराच. पहिली, डोकं दुखतं का, उजेड सोसत नाही का, पाळीच्या सुमारास किंवा जागरणानं, उपासानं झटका येतो का? अर्धशिशीची चक्कर अगदी मेनिएरसारखी दिसू शकते, ती पाच मिनिटांपासून तीन दिवसांपर्यंत कितीही टिकते आणि तिच्यावर कानातल्या इंजेक्शनचा उपयोग नाही. काहींना दोन्ही एकदम असतात. दुसरी, एका बाजूचं ऐकणं घटलंय तर कानाच्या नसेचा एमआरआय एकदा व्हायला हवा, नसेवर छोटी गाठ नाही ना हे बघायला. तुमचा एमआरआय झालाय, पण मानेचा. इतका खर्च झालाच होता, तो कानाच्या नसेचा व्हायला हवा होता, याचं मला वाईट वाटतं.

गोळ्यांचं बोलू या. दिवसातून तीन वेळा चालू असलेल्या "चक्करच्या गोळ्या" म्हणजे आपल्याकडे बहुतेक वेळा प्रोक्लोरपेराझिन किंवा सिनारिझिन. झटका आला त्या दिवशी उलटी थांबवायला त्या चांगल्या. पण दोन वर्षं रोज? एक कान डळमळला की मेंदू दुसऱ्या कानाच्या, डोळ्यांच्या आणि पायांच्या आधारानं तोल नव्यानं शिकतो. या गोळ्या त्या शिकण्यालाच पेंग आणतात. शिवाय अनेक महिने घेतल्या तर हात थरथरणं, चाल मंदावणं असे पार्किन्सनसारखे त्रास होतात, वय वाढेल तसे जास्त. पाकीट पुण्याला न्या आणि या कशा कमी करायच्या ते त्यांच्याकडून लिहूनच घ्या. मनानं एकदम बंद करू नका.

बीटाहिस्टीन वेगळं, त्यानं गुंगी येत नाही. मीही ते देते. पण २०१६ मध्ये जर्मनीतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मेनिएरचे २२१ रुग्ण, नऊ महिने, काहींना कमी मात्रा, काहींना जास्त मात्रा, काहींना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. झटके तिन्ही गटांत सारखेच कमी झाले. म्हणजे सहा महिन्यांत तुम्हाला फरक पडला नाही यात तुमचं काही चुकलेलं नाही, आणि आणखी सहा महिने तेच घ्यावं असं मला वाटत नाही. मिठाचा पुरावाही असाच कच्चा आहे. पण लोणचं, पापड, खारवलेल्या मिरच्या आणि शाळेतून येताना घेतलेली फरसाणाची पुडी कमी केल्यानं तोटा काहीच नाही, म्हणून ते चालू ठेवा. घरच्यांचा स्वयंपाक वेगळा आणि तुमची अळणी भाजी वेगळी, इतकं ताणायची मात्र गरज नाही.

तर इंजेक्शन. भीती वाटते ती सुई कानात शिरते म्हणून, हे मला कळतं. प्रत्यक्षात काय होतं ते सांगते. तुम्हाला आडवं झोपवून डावा कान वर येईल असं डोकं वळवतात. पडद्यावर बधिर करणारं औषध लावून काही मिनिटं थांबतात. मग मायक्रोस्कोपखाली केसासारख्या बारीक सुईनं पडद्यातून अर्धा मिलिलीटरच्या आसपास औषध मधल्या कानात सोडतात. टोचण्याला काही सेकंद लागतात. औषध अंगाच्या उष्णतेइतकं कोमट करून घेतलेलं बरं. गार गेलं तर तेवढ्यापुरतं गरगरतं, कारण कानाला थंडगार काही लागलं की तोल हलतोच. म्हणून आधीच सांगा, "डॉक्टर, जरा कोमट करून द्या." नंतर कान वर ठेवून वीस-तीस मिनिटं पडून राहायचं, बोलायचं नाही, शक्यतो थुंकीही गिळायची नाही. गिळलं की कान आणि घसा जोडणारी नळी उघडते आणि औषध घशात उतरतं. घशात कडू लागलं तर समजा थोडं उतरलं, घाबरू नका. मधल्या कानात थांबलेलं औषध एका पातळ पडद्यातून झिरपत आतल्या कानात पोचतं. ही सगळी खटपट एवढ्यासाठीच. गोळी पोटातून रक्तात, रक्तातून सगळ्या अंगात आणि शेवटी चिमूटभर कानात जाते, ते टाळून औषध थेट दारात नेऊन ठेवायचं. मधुमेह असेल तर याचा मोठा फायदा, कारण तोंडी स्टेरॉइडनं साखर चढते तशी यानं चढत नाही. पडद्याचं भोक सहसा काही दिवसांत आपोआप बुजतं. तोवर कानात पाणी जाऊ द्यायचं नाही. डोक्यावरून अंघोळ करताना व्हॅसलीन लावलेला कापूस कानात ठेवायचा. क्वचित भोक राहून जातं किंवा कान वाहतो. पाणी, दुखणं, वास यांपैकी काही झालं तर लगेच दाखवायचं. त्याच दिवशी घरी जाता येतं.

स्टेरॉइडमध्ये साधारणपणे डेक्सामेथासोन किंवा मिथिलप्रेडनिसोलोन वापरतात. दुसरं थोडं जास्त झोंबतं. दोन्हींनी ऐकण्याच्या पेशी मरत नाहीत. हे वाक्य पुन्हा वाचा, तुमचा प्रश्न हाच होता.

जेंटामायसिनचं तसं नाही. खेड्यातल्या दवाखान्यातही मिळणारं हे जुनं अँटिबायोटिक. त्याच्या गटातलं स्ट्रेप्टोमायसिन टीबीला देत आणि त्यानं कितीतरी लोकांचे तोल आणि कान गेले. हाच दोष डॉक्टरांनी उपचार म्हणून वापरला. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या शुकनेख्ट यांनी स्ट्रेप्टोमायसिन कानात देऊन पाहिलं आणि नंतर जेंटामायसिन आलं. ते तोलाच्या पेशींना ऐकण्याच्या पेशींपेक्षा जास्त मारतं. खोटे संदेश पाठवणारा कान गप्प होतो आणि झटके थांबतात. पण "जास्त मारतं" याचा अर्थ ऐकण्याला धोका नाही असा होत नाही. पूर्वी रोज किंवा दिवसातून अनेकदा देत, तेव्हा बरेच कान गेले. आता एकच इंजेक्शन देऊन आठवडे थांबतात, पुन्हा ऑडिओग्राम काढतात, गरज असेल तरच दुसरं देतात. धोका उतरला, संपला नाही.

दोन्हींत काय निवडायचं याचं उत्तर शोधायला लंडन आणि लेस्टरच्या डॉक्टरांनी ६० रुग्ण घेतले, निम्म्यांना जेंटामायसिन, निम्म्यांना मिथिलप्रेडनिसोलोन, दोन आठवड्यांच्या अंतरानं दोन इंजेक्शनं. कुणाला काय दिलं हे रुग्णालाही माहीत नाही, तपासणाऱ्यालाही नाही. दोन वर्षांनी मोजलं. जेंटामायसिनच्या गटात सहा महिन्यांत सरासरी १९.९ झटके येत, ते २.५ वर आले. स्टेरॉइडच्या गटात १६.४ वरून १.६ वर. म्हणजे ८७ टक्के आणि ९० टक्के घट. हे २०१६ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं. दोन औषधांपैकी एक ऐकणं घालवू शकतं, दुसरं नाही, आणि झटके दोन्हींनी सारखेच कमी होतात, तर ज्या कानानं अजून ऐकू येतंय त्या कानाला आधी कोणतं द्यायचं हे उघड आहे.

तरी मी तुमच्यापासून एक गोष्ट लपवणार नाही. त्या अभ्यासात औषध नसलेलं इंजेक्शन घेणारा तिसरा गट नव्हता. मेनिएर हा आजार मुळातच लहरी, कधी महिनोन् महिने शांत बसतो. त्यामुळे स्टेरॉइडचं श्रेय नेमकं किती आणि आपोआप ओसरण्याचं किती यावर कानाचे डॉक्टर अजून भांडतात. म्हणून पहिल्या इंजेक्शननं झटके बंद झाले नाहीत तर निराश होऊ नका आणि बंद झाले तर रोग कायमचा गेला असंही समजू नका. पुन्हा लागू शकतं. मी तरीही घ्या म्हणते, कारण गमावण्यासारखं फार थोडं आहे आणि महिन्यातून दोनदा फळ्यासमोर खाली बसणारी शिक्षिका आणखी एक वर्ष वाट बघू शकत नाही.

स्टेरॉइडचे दोन-तीन प्रयत्न फसले, झटके तसेच राहिले आणि डॉक्टर जेंटामायसिन म्हणाले, तर तेव्हा त्यालाही नाही म्हणू नका. पण तीन गोष्टी डॉक्टरांशी बोलून घेतल्याशिवाय सही करू नका. उजवा कान पूर्ण चांगला आहे ना, ऐकण्याचाही आणि तोलाचाही, हे तपासलंय का? काहींना वर्षांनंतर दुसऱ्या कानातही मेनिएर होतो, म्हणून एक कान विचार न करता मारून टाकायचा नसतो. माहेरी कुणाला इंजेक्शनं घेतल्यावर बहिरेपण आलंय का? आईकडून मुलांत उतरणारा एक दोष असतो, त्या घराण्यातल्या माणसांचे कान जेंटामायसिनच्या थोड्या मात्रेनंही जातात. पाहुण्यांत कान गेलेला माणूस तुमच्या आईकडचा आहे का, हे म्हणून नीट विचारा आणि डॉक्टरांना सांगा, ही ऐकीव गोष्ट इथे फार कामाची आहे. आणि तिसरं, त्या इंजेक्शननंतर काही दिवसांनी तोल बिघडतो, काही आठवडे झुलल्यासारखं होतं. तेव्हा आडवं पडून राहायचं नाही, चालायचं, मान हलवायची, नजर एका अक्षरावर ठेवून डोकं डावी-उजवीकडे फिरवायचं. हे व्यायाम फिजिओथेरपिस्ट शिकवतात. शाळेच्या सुट्टीत ते घेतलंत तर बरं.

त्याही पलीकडे ऑपरेशनं आहेत. फुगलेल्या पिशवीवरचा दाब कमी करणारं एक. आतल्या कानाचा तोलाचा भाग काढून टाकणारं दुसरं, ते ऐकणं आधीच गेलं असेल तरच. आणि तोलाची नस कापणारं तिसरं, त्यासाठी कवटी उघडावी लागते. पहिल्याचा एक किस्सा मी पेशंटना नेहमी सांगते. अंतराळात गेलेला पहिला अमेरिकन अ‍ॅलन शेपर्ड. १९६१ मध्ये तो गेला आणि दोन-तीन वर्षांतच मेनिएरनं त्याची उड्डाणं बंद पडली. लॉस एंजेलिसच्या विल्यम हाउस यांनी त्याच्या कानातल्या पिशवीला छोटी नळी बसवली, १९६९ मध्ये त्याला पुन्हा उड्डाणाची परवानगी मिळाली आणि फेब्रुवारी १९७१ मध्ये तो चंद्रावर चालला. हे ऐकून लोक लगेच ते ऑपरेशन मागतात. मग मला डेन्मार्कची गोष्टही सांगावी लागते. १९८१ मध्ये तिथल्या डॉक्टरांनी ३० रुग्णांत निम्म्यांवर पिशवीचं ऑपरेशन केलं आणि निम्म्यांचं कानामागचं हाड फक्त कोरून पिशवीला हात न लावता टाके घातले. बरं वाटलं दोन्ही गटांना, जवळपास सारखंच. त्या निष्कर्षांवर पुढे बरीच चर्चा झाली, पण माझ्या मनातून ते जात नाही. तुम्हाला आज ऑपरेशनचा विचारही करायची गरज नाही. चढायच्या पायऱ्या आहेत, तुम्ही दुसरीवर आहात.

तुम्ही शाळेला कशानं जाता ते लिहिलं नाहीत. स्कूटीवर जात असाल तर झटके थांबेपर्यंत ती घरी ठेवा. तुम्हाला आधी दडे बसून सूचना मिळते, पण काही रुग्णांना पुढे सूचना न देता, कुणी मागून ढकलल्यासारखं, शुद्धीत असताना धाडकन पडायला होतं. असं एकदा जरी झालं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, त्यानं उपचाराचा निर्णयच बदलतो. स्टुलावर चढून फळी आवरणं, विहिरीवर, गच्चीच्या कडेला एकटीनं जाणं बंद. वर्गात दडे बसले की उभं राहून धडा संपवायचा प्रयत्न करू नका, खुर्चीत बसा, भिंतीवरच्या एका अक्षराकडे बघत राहा. चौथीच्या पोरांना सांगून ठेवा, बाईंचा कान दुखतोय, असं झालं की वर्गप्रमुखानं शेजारच्या गुरुजींना बोलवायचं. पोरं घाबरतात ती काय चाललंय ते कळत नाही म्हणून. कळलं की फार शहाण्यासारखी वागतात.

आणि चक्करसोबत बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं, दोन-दोन दिसायला लागलं, हात-पाय लुळा पडला, उभंच राहता येईना किंवा कधी नव्हे इतकं डोकं दुखलं, तर तो मेनिएर नाही. मेंदूला रक्त कमी पडतंय असं समजून तासाभरात मोठ्या दवाखान्यात पोचायचं. घरी लिंबूपाणी देत बसायचं नाही. हे मिस्टरांना आणि मुलांना पाठ असू द्या.

पुण्याला जाताना ऑडिओग्राम, गोळ्यांचं पाकीट आणि झटक्यांची तारीखवार नोंद न्या, कॅलेंडरवर केलेल्या खुणा पुरतात. इंजेक्शनच्या दिवशी एकट्या जाऊ नका. परतीच्या एसटीत झोपून यावंसं वाटेल. मिस्टरांना सोबत घ्या आणि डॉक्टरांच्या खोलीत आतही घेऊन जा, ऑडिओग्रामवरची डाव्या कानाची खाली गेलेली रेघ डॉक्टर त्यांनाच दाखवतील.